मालिकेतला हरभरा

यंदा मी काय काय पाहिलं ते आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्या मताला किती भाव द्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. एक वेब सिरीज पाहिली. तिच्यात पोलीस, चोर आणि चोराची बायको सगळे कुजबुजत बोलतात आणि त्या अख्ख्या घरात कोणी म्हणून दिवा लावत नाही. शेवटी खुनी कोण ते उघड झालं, पण तोही अंधारातच उभा होता, त्यामुळे तो नेमका कोणता ते मला अजून समजलेलं नाही. मग एक सिनेमा पाहिला, शेतकऱ्याचा. हिरो भर उन्हात वखर हाकतो आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला मातीचा एक डाग लागत नाही. मी रिसोडच्या घरात पलंगावर बसून त्याला इतकं काही बोलले की नवरा आतून धावत आला आणि म्हणाला, "कोनासंग भांडून राह्यली वं?"

आणि रील्सचं तर विचारूच नका. एक बाई नदीकाठी चुलीवर पिठलं करते. चूल भडकलेली, आणि धूर नाही! बाई खोकत नाही, डोळे पुसत नाही, नखं लालचुटूक. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. शिव्या देत पाहिलं, पण पाहिलं.

तर असली ही बाई तुम्हाला सांगते आहे, ऐका. यंदाची सगळ्यात भारी मालिका कोणत्याच चॅनलवर लागली नाही. ती माझ्या बाबांनी रचली, कामरगावजवळच्या आमच्या माहेरच्या घरात, ओसरीतून मधल्या खोलीत येता येता. आणि माझ्या मायचा उजवा डोळा राहणार की जाणार, हे त्या मालिकेवर येऊन ठेपलं होतं.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. चहा कपाच्या बाजूला ओतायची. सुईत दोरा ओवायला समोरच्या काकूला हाक मारायची. दारात उभ्या राहिलेल्या जावयाला तिने एकदा "आज दूध आनाले उशीर काहून केला?" असं विचारलं, आणि जावईबापू तेव्हापासून ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्याला लाली आहे, ती औषधाने उतरेपर्यंत आधी डावा करू. पण उजव्याची टाळाटाळ नको. तो जास्त पिकला आहे, तसाच राहिला तर नजर कायमची जाईल.

माय जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "डावाच करते. बस झाला."

"अवं, पन डाक्टर काय म्हने, ऐकलं ना तू?" बाबा म्हणाले.

"एका डोळ्यानं टिवी दिसते. दोन डोळे करून मले काय दोन टिव्या पाहाच्या हायेत?"

जीपमधली परकी माणसंही हसली. मीही हसले, पण वरवर. मायला मी ओळखते. ती हसत हसत "नाही" म्हणाली की मग देव आला तरी नाहीच. डाव्याला ती तयार झाली तेही एका अटीवर. ती पट्टी बांधून पडली असताना तिची मालिका कोणीतरी पाहायची आणि तिला रोज सांगायची.

आता ही मालिका. मोठं थोरलं घर, खाली संगमरवर, जिन्याला सोन्याचा कठडा. घरात एक म्हातारी सासू, तिच्यावर मायचा भारी जीव. सासूचा नवरा पहिल्या भागापासून भिंतीवर फोटोत, गळ्यात हार. दोन सुना. थोरली साधी, सगळं सोसणारी. धाकटी कपटी, झोपतानाही शालू नेसणारी. त्या घरात कोणी कामाला जात नाही. सकाळी उठतात, नटतात, हॉलमध्ये गोल उभे राहतात आणि एकमेकांना धक्के देतात. हे माझं मत मी मायला अनेकदा ऐकवलं होतं, म्हणून मी पाहून सांगते म्हटल्यावर तिने मला जागच्या जागी उडवून लावलं.

"तू नको. तू पायताना नुसती नावं ठेवतं. तुह्या बापाले सांग."

बाबांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाबा टीव्ही म्हणजे हवामानापुरता पाहणारे. बाकी ते मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ पाहतात. त्यातला त्यांचा लाडका माणूस वावरात उभा राहतो, छातीला माइक लावतो, शेतकरी बांधवांना रामराम घालतो, घंटी दाबायला सांगतो, पुन्हा रामराम घालतो, आणि अळीचं औषध सांगायची वेळ येते तोवर अळीने पीक खाऊन झालेलं असतं. बाबा तो शेवटपर्यंत पाहतात. मालिका लागली की मात्र ते चप्पल घालून चावडीकडे चालू पडायचे.

पण मायच्या डोळ्याचा प्रश्न होता. बाबा हो म्हणाले.

डावा डोळा झाला. पौषाची थंडी होती, सोयाबीन कधीच घरात आलं होतं, वावरात हरभरा उभा होता. मी पुन्हा रिसोडहून एसटीने आले आणि माहेरपणाला राहिले. मायला मधल्या खोलीत निजवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही आणि काळा चष्मा उतरेपर्यंत टीव्ही नाही. टीव्ही ओसरीत. मध्ये नुसता पडदा.

"आवाज बंद ठेव," बाबा मला म्हणाले. "आवाज आला तं ते पट्टी वर करून पाह्यन."

म्हणून पहिल्या संध्याकाळी आम्ही बापलेकींनी मुकी मालिका पाहिली. मी तुम्हाला मनापासून सांगते, कोणतीही मालिका एकदा आवाज बंद करून पाहा. पोट दुखेपर्यंत हसाल. धाकटी मान वळवते, मग तीच मान पुन्हा वळवते, मग पुन्हा. बाबा काळजीने पुढे झुकले.

"इची मान धरली काय वं?"

अर्धा तास झाला. बाबा उठले, घसा साफ केला आणि पडद्याआड गेले. मी मागोमाग.

"काय झालं?" माय आतुरतेने उठून बसली.

"काई नाई. सगळे उभे होते."

"कुठी?"

"घरातच."

"मंग?"

"मंग शाम्पूची जाहिरात लागली."

माय अशी भडकली! "असं सांगतेत काय? कोन कोनाले काय बोललं? थोरली काय म्हने?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यात तोंड खुपसून हसत होते, माझा काही उपयोग नव्हता. बाबांच्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट होती, पंपाच्या विजेची लाईन कधी येते आणि पाण्याची पाळी कशी धरायची. तेच तोंडून निघालं.

"थोरली म्हने, हरभऱ्याले पानी द्याचं हाये."

"हरभऱ्याले?"

"त्यायच्या मांगच्या वावरात."

"त्यायले वावर हाये? मले तं नाई मालूम."

"एवढ्या मोठ्या घराले वावर नसन काय? खातेत काय मंग?"

मायने विचार केला. तिला ते पटलं. खरं तर इतकी वर्षं तिलाही तो प्रश्न पडलेला असणार. "जमीन कशी हाये?" तिने विचारलं.

"काळी. भारी हाये." बाबा खाटेच्या कडेला टेकले. आमच्या घरात बाबा मायच्या खाटेशी बसून बोलत आहेत, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. त्यांचं बोलणं एरवी "जेवाले वाढ" आणि "किल्ली कुठी हाये" एवढंच. त्या दिवशी त्यांनी थोरलीच्या वावराला विहीर दिली, विहिरीवर पंप दिला आणि लाईन नेमकी अपरात्री येते हेही सांगितलं. माय हळहळली. "आता ते बिचारी थंडीत जाईन काय पानी फिरवाले?"

"जावंच लागते," बाबा म्हणाले.

हे इतकंच राहिलं असतं तर गंमत म्हणून संपलं असतं. पण दोन-तीन दिवसांनी मालिकेतली म्हातारी मेली.

आवाज बंद होता तरी त्यात शंका नव्हती. हॉलमध्ये पांढरी चादर, भोवती पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं, आणि सगळ्यात जास्त रडते आहे ती धाकटी, जिने दुधात काहीतरी कालवलेलं आम्ही आदल्याच दिवशी पाहिलं होतं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या म्हातारीला मी किती नावं ठेवली होती, आणि आता मीच नाक पुसत होते. माय म्हातारीला रोज संध्याकाळी भेटायची. स्वतःच्या बहिणीला ती इतकी भेटत नव्हती.

"काय झालं वो?" आतून आवाज आला.

बाबा मला हळूच म्हणाले, "हे रडन."

रडेल म्हणजे काय, माय अशी रडते की पदराचा बोळा करून दोन्ही डोळे पुसते, चोळते, पुन्हा पुसते. एरवी ठीक होतं. आता डाव्या डोळ्यात नवं भिंग बसलेलं, टाका ताजा. आणि डोळ्याला काही झालं असतं तर उजव्याचं नाव तिने आयुष्यात काढू दिलं नसतं. बाबांनी टोपी घातली आणि आत गेले.

"बुढी वावरात गेली," ते म्हणाले.

"वावरात? या वयात? कायले?"

"हरभरा पाहाले. घाटे दान्यानं भरले म्हने."

मी पडद्याशी उभी होते. बाबांचा चेहरा असा निर्मळ की मलाही क्षणभर वाटलं, गेली असेल बापा.

त्या दिवसापासून दोन मालिका झाल्या. एक ओसरीत, मुकी. तिच्यात तेरवी आठवडाभर चालली, मृत्युपत्र सापडलं, जळलं, पुन्हा सापडलं, आणि भिंतीवर म्हाताऱ्याच्या शेजारी म्हातारीचा फोटो लागला. दुसरी मधल्या खोलीत. तिच्यात म्हातारीने वावरात खोपडी, म्हणजे झोपडी, बांधली आणि तिथेच राहायला गेली, कारण घरात सगळे नुसते उभे राहतात याचा तिला कंटाळा आला होता. बाबा मुकी मालिका आता पाहायचे ते शिस्त म्हणून. तिचा काही उपयोग ते करत नव्हते.

समोरची काकू मात्र संकट घेऊन आली. म्हातारी मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच, पदर डोक्यावर, तोंड पाडून, सांत्वनाला यावं तशी. बाबांनी तिला ओट्यावरच अडवलं.

"बुढी जित्ती हाये. आत गेल्यावर हेच सांगाचं."

"अवो भाऊजी, मी डोयानं पाह्यली ना मेलेली!"

"तुमच्या घरी मेली असन. अठी नाई मेली."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. काकू आत गेली, मायच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "काय वं बाई, कशी चटचट चालते ते बुढी वावरात!" त्या संध्याकाळी ती बाबांची मालिका ऐकायला थांबली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीत चटई कमी पडली. गावातल्या बाया आपापल्या घरी खरी मालिका पाहून, मग आमच्याकडे ती खोटी ऐकायला यायच्या, आणि जाताना म्हणायच्या, हेच बरं आहे.

आता मी बाबांच्या मालिकेबद्दल माझं मत देते. वडील म्हणून सवलत देणार नाही. दोष पुष्कळ. प्रेम अजिबात नाही. थोरलीचा नवरा आणि थोरली दोघे फक्त पाइप उचलतात. मोटर जळली ते दोन संध्याकाळी चाललं, त्यात वाइंडिंग करणाऱ्याने किती फेऱ्या मारायला लावल्या हे इतकं बारीक आलं की एक काकी डुलक्या घेऊ लागली. मी तसं बोलून दाखवलं तर बाबा तडकले. "मोटर जळल्यावर काय होते तुले का मालूम? तुह्याघरी नळ हाये!"

पण धाकटीचं जे त्यांनी केलं, त्याला तोड नाही. हरभऱ्यात रोही शिरले. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात, आणि एक कळप एका फेरीत उभं पीक फस्त करतो. म्हातारीने हुकूम सोडला की रात्री पीक राखायला, जागलीला, धाकटी जाईल.

"ते?" माय ओरडली. "शालू नेसून?"

"शालू नेसूनच. दागिने घालून. तिले दुसरे कपडेच कुठी हायेत?"

"मंग?"

"मंग रोही आले. धाकटी भेली. लागली पयाले. आता अंगावर सगळा सोनाराचा माल. पाटल्या, तोडे, कंबरपट्टा, पैंजन. असा आवाज निघाला, असा आवाज निघाला, का रोही शिवेच्या पार!"

खोलीत हसण्याचा असा काही लोट उठला की मला मायच्या पट्टीची भीती वाटली. काकू जमिनीवर आडवी झाली. माय दोन्ही हात खाटेवर आपटत होती. "म्हंजे कामाची निघाली म्हना पोट्टी!" त्या दिवसापासून धाकटी रोज जागलीला जायची. काकूने बाहेर ओट्यावर, मायला ऐकू जाणार नाही असा, हट्ट धरला की तिला साप चावू द्या, तिने दुधात विष कालवलं आहे. बाबा ठाम नाही म्हणाले. "नाई. ते आता सुधरून राह्यली."

मी रोज दोनदा हसून झोपायचे, एकदा ओसरीत आणि एकदा आत. आणि रोज सकाळी औषधाचे थेंब घालताना मायचा उजवा डोळा पाहायचे. बाहुलीत दुधासारखं पांढरं. एकदा मी हळूच विषय काढला तर तिने हात झटकला. "डाव्यानं भल्लं दिसन मले. राहू दे आता त्याले." मला रागही आला आणि रडूही आलं. माझी माय, अर्धी आंधळी राहायला तयार, आणि वर हसते आहे.

काळा चष्मा उतरला तो दिवस उजाडला. संध्याकाळी माय नवं लुगडं नेसून टीव्हीपुढे बसली. बाया झाडून सगळ्या आल्या होत्या. मालिका पाहायला नव्हे, मायचं तोंड पाहायला. बाबा बाहेर ओट्यावर, पाठ करून. मी रुमाल घेऊन मायच्या शेजारी, रडलीच तर तिने पदराने चोळू नये म्हणून.

आवाज चालू केला. गाणं झालं. हॉल दिसला. माय खुश झाली. "कसं चक्क दिसून राह्यलं वं! धाकटीच्या नाकातला खडाही दिसते." मग कॅमेरा फिरला. भिंतीवर दोन फोटो, दोन्हींना हार.

माय पुढे झुकली. "दुसरा फोटो कोनाचा हाये?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. डोळा चांगला झाला होता, तिला दिसलंच. ती तशीच बसून राहिली, जाहिरात लागेपर्यंत. मी रुमाल पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"अवो, अठी या."

बाबा आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"कधी मेली?"

"तुले पट्टी होती तवाच."

"अन् तुमी सांगलं, वावरात गेली?"

"मंग काय सांगू? तू रडली असती. डोया चोळला असता."

टीव्हीवर शाम्पूची बाई केस उडवत होती. मी मनात म्हटलं, आता हिचा विश्वास उडाला, आता उजव्याचं काही खरं नाही. मायने टीव्हीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"मंग हरभरा कोनं सोंगला?"

बाया फुटल्याच. काकूच्या हातातली कपबशी सांडली. मायला मात्र हसू येत नव्हतं, ती खरंच विचारत होती. हरभरा पिवळा पडून सोंगणीला, म्हणजे कापणीला, आला होता, तिथे आदल्या संध्याकाळचा भाग थांबलेला. बाबांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर तिच्या उजव्या डोळ्यावर गेली. ते थांबले. माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर लबाडी उमटलेली मी कधी पाहिली नव्हती. ती त्यांना फार शोभून दिसली.

"ते उजव्या डोयाले," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे उजवी पट्टी बांधली का पुढचा भाग."

मायने जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "नका सांगू! माही शिरियल मी पाहीन!" बाबा चप्पल घालून चावडीकडे गेले.

मी रिसोडला परतले, पण चित्त तिकडेच. रोज फोन. माय हट्टाने मालिका पाहत होती आणि रोज माझ्यापाशी कुरकुरत होती. "नुसते तोंडं वळवतेत वं. एकाच्याही हाताले माती नाई. सकाळपासून उभे!" ही माझी मतं, शब्दाला शब्द. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मग तिने आडून माहिती काढायचा प्रयत्न केला. "तुले तं सांगलं असन तुह्या बापानं." मी शपथेवर नाही म्हटलं. मग तिने काकूला पुढचं सांगायला बसवलं. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "काकूले जमत नाई. ते सगळ्यायले साप चाववते."

बाबा मात्र गप्प. जेवायचे, वावरात जायचे, अळीचे व्हिडिओ पाहायचे. मायने चहा देणं बंद करून पाहिलं. ते काकूकडे पिऊन यायचे. मी त्यांना फोनवर म्हटलं, बाबा, फार ताणू नका, उलटं व्हायचं. ते म्हणाले, "शिरियलवाले नाई ताणत काय?"

आणि एका सकाळी मायचा फोन. मी भाकरी तव्यावर टाकली होती.

"येतं काय वं? दवाखान्यात जाचं हाये."

"कोणाला काय झालं?"

"मले. उजवा कराचा हाये. तुह्या बापाले आधीच सांगून ठेव, मधात जाहिरात नाई पायजे."

ती भाकरी करपली. मी नवऱ्याला मिठी मारली, तोही घाबरला.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी आणि बाबा बसलो होतो. माय आत. बाबांच्या मांडीवर तिच्या चपला, पिशवीत गुंडाळून. मी वेळ घालवायला एक व्हिडिओ लावला, माकड चष्मा पळवतं तो. बाबांनी पाहिला नाही. त्यांचा पाय सारखा हलत होता.

"दुखत नसन ना तिले?"

"नाही हो बाबा. डाव्याला कुठे दुखलं होतं?"

"डाव्याच्या वक्ती मी कायी सांगतलं नोतं. तिच्या मनानं झाली तयार. हे मी लावलं कराले." थोडं थांबून म्हणाले, "काई वाकडं झालं तं मले म्हनन ना ते, हरभऱ्यापायी डोया गेला."

मी त्यांचा हात धरला. त्यांचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून विचारलं, "बाबा, मला तरी सांगा. हरभरा कोणी सोंगला?"

"मले नाई मालूम," ते म्हणाले. "अजून ठरलं नाई."

दार उघडलं. नर्सने धरून मायला बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डावा चांगला टकटक उघडा. डॉक्टर मागून येऊन म्हणाले, उत्तम झालं आहे. बाबा उठून उभे राहिले, चपला खाली पडल्या. माय आली, बाकावर बसली, पदर सारखा केला, आणि इकडचं तिकडचं काही नाही.

"हं. सांगा."

बाबांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला. डोळे भरले होते, ते त्यांनी टोपीने पुसले. माय वाट पाहत होती.

"बुढीनंच सोंगला," ते म्हणाले.

"एकटीनं? एवढा?"

"नाई. बुढा होता ना संगं."

माय डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिली. "बुढा कुठून आनला? तो तं पयल्यापासून फोटोत हाये."

"उतरवला खाली," बाबा म्हणाले. "सोंगनीले मानसं कुठी भेटतेत आजकाल?"

माय हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती अशी खदखदून हसली की नर्स धावत आली आणि दरडावू लागली, आजी, हलू नका, डोळा ताजा आहे. मायने हसू आवरायला जे हाताला लागलं ते धरलं. तो बाबांचा हात होता. समोर सगळा दवाखाना बसला होता, आणि जीप येईपर्यंत तिने तो सोडला नाही.